जिन्यातली नूतन

नूतनबद्दल ठाण्यात वाकडं बोलायची सोय नाही. चरई, खारकर आळी, महागिरी या जुन्या भागात रविवारी सकाळी जिना चढताना कोणाकडे वालाचं बिरडं शिजतंय आणि कोणाकडे सोडे, ते मजल्यागणिक कळत जातं. तिथल्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत समर्थांची नूतन घरातलीच धरतात. कोणाच्या तरी चुलतसासूच्या माहेराकडून नातं निघतंच. कुमारसेन आणि शोभना समर्थांची ही थोरली मुलगी. लग्नाच्या पंगतीत तिचा विषय निघाला की माणसं जरा ताठ बसतात. मग बोलायचं काय, तेही ठरलेलं असतं. ‘सुजाता’, ‘बंदिनी’, डोळ्यांतून अभिनय, घरंदाज चेहरा आणि मेकअपशिवाय कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी नटी. हे शेवटचं मला कधी फारसं पटलेलं नाही. मेकअप केलेला दिसू नये यासाठीही मेकअपमन लागतोच.

एक गोष्ट मात्र त्या पंगतीत कोणी बोलत नाही. नूतन पडद्यावर विलक्षण मोहक होती, आणि हा मोह देवघरातल्या तसबिरीसमोर हात जोडावेत त्यातला नव्हता. सरळ शरीराला कळणारा होता. माझ्या मते हे सगळ्यात लख्ख दिसतं ते १९६३ च्या ‘तेरे घर के सामने’त. त्याच वर्षी ‘बंदिनी’ आला, पारितोषिकं त्याने नेली, आणि आपण सगळ्यांनी त्या तुरुंगातल्या कल्याणीला नूतन म्हणून मनात कायमची जागा देऊन टाकली. ‘तेरे घर के सामने’तली तिची सुलेखा गोड, हलकीफुलकी म्हणून बाजूला पडली.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो रविवारी संध्याकाळी, मुंबई दूरदर्शनवर. टीव्ही शेजारच्यांचा, पुढे मुलं, मागे बायका, दारात उभे पुरुष. त्या गर्दीत काय कळणार? देव आनंद मान हलवतो एवढं कळलं. पुढे केव्हातरी गाण्यांसाठी पाहिला. आणि अलीकडे घोडबंदर रोडला राहणारी माझी भाची माझ्याकडे राहायला आली होती, आत्याही चरईतून आली होती, तेव्हा आम्ही तिघींनी मिळून पाहिला. भाची वीस-बाविशीची, मी पन्नाशी ओलांडलेली, आत्या ऐंशीच्या घरात. काळी-पांढरी चित्रं बघायचा भाचीला कंटाळा, पण पाऊस असा लागला होता की बाहेर पडणं शक्य नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी ती फोन उपडा ठेवून म्हणाली, “मावशी, हिरोचं मला हसू येतंय. पण ही बाई केवढी हॉट आहे!” आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ऐकवणार. आत्या म्हणाली, “मग? आम्हांला काय डोळे नव्हते?”

गोष्ट अगदी साधी आहे. दिल्लीतले दोन शेठ, लाला जगन्नाथ आणि शेठ करमचंद, यांचं एकमेकांशी हाडवैर. ओमप्रकाश आणि हरींद्रनाथ चट्टोपाध्याय (हे सरोजिनी नायडूंचे भाऊ) अशी जोडी असल्यावर वैरसुद्धा बघायला मजा येते. दोघांनाही समोरासमोरच्या जमिनीवर बंगले हवेत, आणि दोन्ही बंगले बांधणारा आर्किटेक्ट एकच. तो परदेशातून शिकून आलेला एकाचा मुलगा, म्हणजे देव आनंद, प्रेम करतो दुसऱ्याच्या मुलीवर, सुलेखावर. दिग्दर्शक विजय आनंद तेव्हा तिशीच्या आतला होता. नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला हे कथानक जुनं वाटत नाही. आमच्याकडे पुनर्विकासाच्या मीटिंगांमध्ये समोरच्या सोसायटीच्या बिल्डरने किती मजले चढवले आणि आपला उजेड किती गेला, यावरून असेच पिकल्या केसांचे जगन्नाथ-करमचंद तावातावाने उभे राहतात. आमच्या गोष्टीत प्रेमात पडलेला आर्किटेक्ट तेवढा नसतो.

तर तो जिना.

कुतुबमिनारच्या आतल्या गोल जिन्याने देव आनंद आणि नूतन खाली येत आहेत, तो गातोय, ‘दिल का भंवर करे पुकार’. रफीचा आवाज, सचिनदेव बर्मनची चाल. ते गाणं प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून त्यात नूतन काय करते इकडे आपलं लक्षच जात नाही. मिनारच्या खऱ्या जिन्यात तेव्हाचा अवजड कॅमेरा मावेना, म्हणून स्टुडिओत तसाच जिना उभारून गाणं चित्रित केलं. म्हणजे जी अरुंद जागा आपल्याला दिसते ती सुतारांनी मुद्दाम मापून बनवलेली आहे. दोन माणसं शेजारून चालली तर खांदा लागेल, एवढीच. वर चढणारी माणसं मध्येच येतात, त्यांना वाट द्यायची म्हणजे भिंतीला टेकायचं, म्हणजेच जवळ यायचं.

नूतनच्या वाट्याला या गाण्यात एक ओळही नाही. सगळं त्याचं. तिने फक्त ऐकायचं आणि पायऱ्या उतरायच्या. एखादी दुसरी नटी अशा वेळी लाजून पदराशी खेळली असती, किंवा दर ओळीला एकेक भाव चेहऱ्यावर मांडत गेली असती. नूतन ऐकते. खरंखुरं ऐकते. त्याचा वाक्प्रयोग आवडला तर ते तिच्या ओठांच्या कोपऱ्यात आधी उमटतं, मग ती ते दाबते, मग दाबलंय हे त्याला कळलं असेल का, म्हणून चोरून बघते. हे तीन टप्पे एका पायरीवर होतात. विनोदाची जाण असलेल्या माणसाला हसू आवरताना पाहणं यासारखी मोहात पाडणारी गोष्ट मी पडद्यावर क्वचित पाहिली आहे. ते हसू फुटलं असतं तर गंमत संपली असती. ते कधी फुटेल, म्हणून आपण पुढच्या वळणाची वाट बघत राहतो.

आणि अंतर. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्या अंतराबद्दल.

माझी सगळी नोकरी फोर्टात गेली. ठाणे स्टेशनचा पूल संध्याकाळी सहानंतर उतरणं म्हणजे काय, हे तिथल्या बायकांना विचारावं. पर्स पुढे, कोपरं बाहेर, छत्री आडवी. गर्दीत जो धक्का लागतो तो गर्दीचा की कोणाचा, हे अंगाला बरोबर कळतं. अरुंद जिना, वरून खाली येणारी माणसं, पाठीमागे पुरुष, या चित्रात माझ्या पिढीच्या कुठल्याही बाईला शृंगार दिसणार नाही. आपलं अंग किती आवळून घेता येईल, तेवढंच दिसेल. म्हणून मला त्या गाण्याचं नवल वाटतं. तितकीच अरुंद जागा, आणि ती बाई अंग चोरत नाही. कधी एक पायरी पुढे जाते, कधी थांबते, कधी वळून त्याला जवळ येऊ देते आणि निसटते. जवळ किती यायचं ते तिच्या हातात आहे. तो पुढे सरकतो तेव्हाही तिचा अदमास घेत सरकतो. सगळा जिना तिच्या चालीवर चाललेला आहे. आपल्याला हवा त्याला, हवा तेवढाच जवळ येऊ देण्याचा आनंद तिच्या अंगभर दिसतो. बाई स्वतःच्या कातडीत इतकी सुखाने वावरते, हेच बघत राहावंसं वाटतं.

भाचीला हे एवढं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “हो, पण तू पुलाचं उगाच आणलंस मध्ये.” असेल. तिच्या पिढीला मेट्रो मिळेल, वेगळे जिने मिळतील. खरा कुतुबमिनारचा जिना मात्र आता कोणालाच मिळत नाही. डिसेंबर १९८१ मध्ये आत दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली, ४५ जणांचा जीव गेला, त्यांत शाळकरी मुलं बरीच होती. तेव्हापासून तो लोकांना बंद आहे.

साठच्या दशकातल्या प्रणयविनोदी सिनेमांत अशी मोकळीक नायिकेला फार वेळा मिळालेली नाही. तेव्हाचा ठरलेला साचा म्हणजे नायकाने पिच्छा पुरवायचा, मित्रांची टोळी घेऊन तिची वाट अडवायची, सोंगं काढायची, आणि तिने आधी फणकारून मग विरघळायचं. आशा पारेखने, सायरा बानूने तो साचा मोठ्या उत्साहाने निभावला. त्यांची गाणी मीही नाचत ऐकली आहेत. पण आज बघताना मध्येच अवघडायला होतं. १९६१ च्या ‘जंगली’पासून रंगही आला, काश्मीरही आलं. नायिकेच्या ओढणीचा रंग मागच्या डोंगराला शोभतो की नाही, हे बघितलं जाऊ लागलं. तिचं आकर्षण बाहेरून चढवायची वस्तू झालं. साधना हे त्याचं सगळ्यात यशस्वी उदाहरण. कपाळ रुंद दिसतं म्हणून आर. के. नय्यरने ‘लव्ह इन सिमला’साठी, १९६० मध्ये, तिच्या केसांची झालर ऑड्री हेपबर्नसारखी कपाळावर आणली आणि देशभरच्या मुलींनी आरशासमोर कात्री हातात घेतली. ठाण्यातही घेतली. आत्याच्या कॉलेजच्या फोटोत तो पुरावा आहे. साधना कट करता आला. नूतनचं असं काही कापून, शिवून, रंगवून घेता येण्यासारखं नव्हतं. शिंप्याला काय सांगणार?

रूढ मापांनी पाहिलं तर तिच्याजवळ भांडवल कमीच होतं. उंच, शिडशिडीत, मान लांब, रंग सावळ्याकडे झुकणारा. पन्नासच्या दशकातल्या पडद्याला भरल्या अंगाची, गोऱ्या गालांची हौस होती. पण तिचा आणि या विषयाचा संबंध मोठा गमतीदार आहे. १९५१ च्या ‘नगीना’ला प्रौढांचं प्रमाणपत्र मिळालं, नायिका नूतन, वय पंधराच्या आसपास. स्वतःच्याच सिनेमाच्या खेळाला तिला दरवानाने आत सोडलं नाही, असं सांगतात. तिच्या आईने १९४३ च्या ‘रामराज्य’मध्ये सीता केली होती, आणि त्या सीतेच्या तसबिरी घराघरांत लागल्या होत्या. त्याच सीतेची मुलगी १९५८ मध्ये ‘दिल्ली का ठग’मध्ये किशोर कुमारसमोर पोहण्याच्या पोशाखात आली. शर्मिला टागोरचं फिल्मफेअरच्या मुखपृष्ठावरचं बिकिनीचं प्रकरण १९६६ चं, आणि ‘अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस’मधलं पाण्यावर घसरत जाणं १९६७ चं. त्यांच्याही कितीतरी आधी. तरी शर्मिलाचं नाव घेतलं की ते आठवतं आणि नूतनचं घेतलं की खादीची पांढरी साडी. आपल्या आठवणीने तिला कपडे घालून दिले आहेत, तिने मागितले नसताना.

मी ‘दिल्ली का ठग’ पाहिला. त्या पोशाखात ती छान दिसते, आणि तेवढंच. तिचा तिथला आत्मविश्वास आवडतो, पण काळजात कुठे काही हलत नाही. पाच वर्षांनंतर, लग्न होऊन, मूल झाल्यावर, अंगभर कपड्यांत ती जिना उतरते तेव्हा हलतं. तिचं लग्न ऑक्टोबर १९५९ मध्ये नौदलातल्या रजनीश बहल यांच्याशी झालं होतं आणि मोहनीशचा जन्म १९६१ चा. नटीचं लग्न झालं की तिचा भाव उतरतो, हा धंद्यातला पक्का समज. सुलेखा उभी करताना नूतन त्या समजाच्या पलीकडे होती. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर कुमारिकेचा भाबडेपणा नाही, आणि ती तो आणायचा प्रयत्नही करत नाही. पुरुष चेष्टा करतो तेव्हा त्यातलं किती खरं आणि किती आव, हे कळणारी बाई आहे ती. भाचीला जे ‘हॉट’ वाटलं ते बहुधा हेच असावं. मी तिला तसं विचारलं नाही, नाहीतर म्हणाली असती, मावशी, तू प्रत्येक गोष्टीचा निबंध करतेस.

देव आनंदचाही वाटा मान्य करायला हवा. त्याच्याबरोबर तिने चार सिनेमे केले, आणि या चौथ्यापर्यंत दोघांना एकमेकांची लय पाठ झाली होती. तो भरभर बोलतो, ती थांबून उत्तर देते. तो सगळ्या अंगाने अभिनय करतो, ती एका भुवईने. त्याच्या लगबगीमुळे तिचं थांबणं दिसतं. आत्याचं मत याहून सरळ आहे. “तो स्वतःच्या प्रेमात होता, म्हणून ती निर्धास्त होती.” आत्या शाळेत गणित शिकवायची.

आता तो पेल्याचा प्रसंग. नायक हातात पेला घेऊन बसलाय, आणि त्याला त्या पेल्यात इवलीशी नूतन दिसते. ती तिथूनच त्याच्याशी गाते. वेटर येऊन पेल्यात बर्फ टाकतो आणि आतली नूतन थंडीने कुडकुडते. तो घाईघाईने बर्फ काढून टाकतो. पुरुषाच्या मनातली बाई कशी असते, हे इतक्या उघडपणे हिंदी सिनेमाने क्वचितच दाखवलं असेल. हातात मावणारी, पेल्यात बसणारी, फक्त त्याच्यासाठी गाणारी. हे लिहून काढलं तर संताप यावा. पण विजय आनंदने त्याची थट्टा केली आहे, आणि नूतनला ती पुरेपूर कळली आहे. तिचं ते कुडकुडणं बघा. त्यात लाडिक काही नाही. खरोखर थंड पाणी अंगावर पडावं तसं खांदे वर जातात आणि चेहऱ्यावर ‘हे काय आता!’ असा वैताग. स्वप्नातल्या बाईला थंडी वाजते, वैतागही येतो. अख्ख्या सिनेमात शरीराचा इतका थेट उल्लेख हाच, आणि तो विनोदात आहे. मला विचाराल तर विनोद आणि शृंगार यांची शिवण जिथे दिसतच नाही अशी जी मोजकी ठिकाणं आपल्या सिनेमात आहेत, त्यांत हे एक.

सिनेमा सगळाच असा आहे असं नाही. मध्यंतरानंतर तो म्हाताऱ्यांच्या ताब्यात जातो. जगन्नाथ आणि करमचंद भांडतात, पुन्हा भांडतात, नायक दोन्हीकडे सारवासारव करतो आणि सुलेखाच्या वाट्याला खिडकीपाशी उभं राहणं येतं. डोळे भरून येतात. नूतन रडायला लागली की आपल्याकडच्या प्रेक्षकाला हायसं वाटतं, हिचं हेच तर काम, पण मला तिथे चुटपुट लागते. पहिल्या तासात जी बाई प्रत्येक वाक्यावर एक उत्तर राखून होती, तिची उत्तरं लेखकाने काढून घेतलेली असतात. हिंदी प्रणयविनोदाचं हे जुनं दुखणं. लग्नाचा प्रश्न आला की विनोद वडीलधाऱ्यांकडे जातो आणि नायिकेकडे आसवं उरतात. आमची भाची त्या भागात पुन्हा फोन घेऊन बसली. मीही पोह्यांचं बघायला उठले.

संपल्यावर तिने विचारलं, “हिचे असे अजून कुठले आहेत?” मी बोटं मोजायला लागले. देव आनंदबरोबरचा ‘पेइंग गेस्ट’, १९५७ चा. किशोरबरोबरचा तो पोहण्याच्या पोशाखाचा. बाकी गाण्या-गाण्यांतून थोडं थोडं. आणि १९६३ नंतर? नंतर ‘खानदान’, ‘मिलन’, सोसणाऱ्या सुना, झिजणाऱ्या बायका. उत्तम केल्या तिने, त्याबद्दल वादच नाही. फिल्मफेअरची उत्कृष्ट अभिनेत्रीची पारितोषिकं तिला पाच मिळाली. ‘सीमा’, ‘सुजाता’, ‘बंदिनी’, ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी तेरे आंगन की’. त्या यादीत विनोदी सिनेमा एकही नाही. परीक्षकांना एकट्यांना कशाला दोष द्यायचा? आमच्या पंगतीतही हीच यादी म्हटली जाते.

“आत्या, तू तो ठगवाला पाहिलायस?” भाचीने विचारलं.

“थेटरात. मैत्रिणींबरोबर.”

“घरी चालायचं?”

“घरी कौपिनेश्वराला कीर्तन आहे म्हणून सांगितलं होतं.” मग भाची हसायची थांबेपर्यंत आत्या थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “हे सगळं तू लिहिणार, ते दिसतंय मला. लिही. पण माझं नाव घालू नकोस. चरईत अजून मला ओळखणारी माणसं आहेत.”